वडील ७६ वर्षांचे आणि एएमएल: उपचार करायचे की नाहीत?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. वडील ७६ वर्षांचे, निवृत्त शिक्षक, चिपळूणजवळच्या गावात आईसोबत राहतात. मधुमेह आहे, रक्तदाब आहे, सात वर्षांपूर्वी अँजिओप्लास्टी झाली आहे. महिनाभर थकवा, धाप आणि अंगावर काळेनिळे डाग. हिमोग्लोबिन ६.२, प्लेटलेट्स १८ हजार, पांढऱ्या पेशी ४१ हजार, बोन मॅरोमध्ये (हाडांतल्या मगजात) ब्लास्ट पेशी, म्हणजे कॅन्सरच्या अपरिपक्व पेशी, ६० टक्के. निदान अॅक्यूट मायलॉइड ल्युकेमिया, म्हणजे एएमएल, झपाट्याने वाढणारा रक्ताचा कॅन्सर. एक डॉक्टर म्हणाले, या वयात केमो झेपणार नाही, घरी न्या. दुसरे म्हणाले, उद्याच भरती करा. अमेरिकेतल्या भावाला सर्वांत जोरदार उपचार हवे आहेत, आणि आई म्हणते की त्यांना यातलं काही कळता कामा नये.

आधी माझं मत सांगतो. एवढ्या माहितीवरून मी त्यांना घरी न्या म्हणणार नाही. तरुण माणसाला देतो तशी केमोही देणार नाही. मधला रस्ता आहे आणि तो आता चांगला मळलेला आहे. पण त्या रस्त्याने जावं का, हे ठरवायला जी माहिती सर्वांत जास्त लागते ती तुमच्या रिपोर्टांच्या फाइलमध्ये नाही. आजाराआधी तुमचे वडील कसे होते, ही ती माहिती.

वयस्कर रुग्णाच्या घरच्यांना मी पहिल्या भेटीत विचारतो: गेल्या गणपतीत ते काय करत होते? मखर कोणी बांधलं? बाजारातून सामान कोणी आणलं? आरती संपेपर्यंत उभे होते का? पैशांचा हिशेब, गोळ्यांच्या वेळा, बँकेची कामं कोण बघत होतं? या उत्तरांतून जे कळतं ते जन्मतारखेतून कळत नाही. सहा महिन्यांपूर्वीपर्यंत जो माणूस पायी बाजारात जाऊन येत होता आणि आज खाटेवरून उठत नाही, त्याला आजाराने झोपवलेलं आहे. आजार आटोक्यात आला तर तो पुन्हा उठण्याची शक्यता बरीच असते. आणि जो वर्षभरापासून अंघोळीलाही मदत मागत होता, दोनदा पडला होता, वजन घटत होतं, त्याचा दुबळेपणा ल्युकेमियाच्या आधीचा आहे. औषधाने ब्लास्ट पेशी गेल्या तरी तो तसाच राहतो, आणि औषधाचा भार मात्र वर चढतो.

एक आजी आमच्याकडे व्हीलचेअरवर आल्या होत्या. मान खाली, डोळे मिटलेले, प्रश्नांना हुंकाराने उत्तर. सोबतच्या सुनेने सांगितलं की दिवाळीत सगळा फराळ यांनीच केला, आम्ही फक्त हाताखाली होतो. दोन पिशव्या रक्त सावकाश चढवलं, न्यूमोनियावर अँटिबायोटिक दिलं, आणि चौथ्या दिवशी त्या वॉर्डात स्वतः चालत जाऊन शेजारणीच्या जेवणाची चौकशी करत होत्या. पहिल्याच दिवशी व्हीलचेअर पाहून निर्णय घेतला असता तर तो चुकीचा ठरला असता. म्हणून तुम्हाला पहिला आग्रह असा: रक्त, प्लेटलेट्स आणि जंतुसंसर्गावरचे उपचार लगेच सुरू करून घ्या, आणि 'पेलेल की नाही' याचा निकाल त्यानंतर तीन-चार दिवसांनी मागा.

तो निकाल नुसत्या नजरेने देऊ नये. त्यासाठी साध्या चाचण्या आहेत. चार मीटर अंतर नेहमीच्या चालीने चालायला किती वेळ लागतो ते मोजतात. पाच सेकंदांहून जास्त लागले तर सावध व्हायचं. रक्ताचे कॅन्सर असलेल्या ७५ वर्षांवरच्या ४४८ रुग्णांचा एक अमेरिकन अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. चालण्याचा वेग सेकंदाला दर ०.१ मीटरने कमी होत गेला तसा मृत्यूचा धोका साधारण २२ टक्क्यांनी वाढत गेला, असं त्यात दिसलं. एवढं सांगणारी रक्ताची तपासणी फारशी नाही. शिवाय हाताची पकड, खुर्चीतून हात न टेकता उठणं, सहा महिन्यांतलं वजन, अल्ब्युमिन, हृदयाचा इको, किडनीची तपासणी. स्मरणासाठी तीन शब्द लक्षात ठेवायला सांगतात आणि कागदावर घड्याळ काढून अकरा वाजून दहा मिनिटं दाखवायला सांगतात. निवृत्त शिक्षकाला हा प्रश्न पोरकट वाटेल, पण डॉक्टरांना तो विचारू द्या. डोस बदलत राहणाऱ्या गोळ्या कोण सांभाळणार आणि ताप आला हे कोण ओळखणार, हे त्यातूनच ठरतं.

आता उपचार. तुमच्या भावाच्या मनात आहे ती सात दिवस सायटाराबिन आणि तीन दिवस डॉनोरुबिसिन अशी केमो. ती तीन-चार आठवडे रक्तातल्या पेशींची संख्या पार तळाला नेते. ७५ च्या पुढे, तेही हृदयविकार असताना, तिच्यात जाणारे जीव मिळणाऱ्या फायद्यापेक्षा जास्त होतात. भावाला हे सांगताना 'आपण कमी करतोय' असं सांगू नका. तो ज्या देशात आहे तिथेही या वयाला आज पहिली पसंती दुसऱ्याच उपचाराला आहे: अॅझासिटिडिनची इंजेक्शनं आणि व्हेनेटोक्लॅक्सच्या गोळ्या.

या जोडीचा मोठा अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ४३१ रुग्ण होते आणि त्यांचं मध्यम वय ७६ होतं, म्हणजे अगदी तुमच्या वडिलांचं. ही माणसं निवडलीच होती ती वयामुळे किंवा इतर आजारांमुळे जोरदार केमो झेपणार नाही म्हणून. नुसत्या अॅझासिटिडिनने २८ टक्के लोकांचा आजार आटोक्यात आला, दोन्ही औषधांनी ६६ टक्क्यांचा. मध्यम आयुर्मान ९.६ महिन्यांवरून १४.७ महिन्यांवर गेलं. हा १४.७ महिन्यांचा आकडा नीट समजून घ्या. निम्मे लोक त्याच्या आधी गेले, निम्मे त्याच्या पुढे जगले, आणि त्यांतले काही बरेच पुढे. तुमच्या वडिलांच्या वाट्याला चौदा महिने आहेत असा त्याचा अर्थ नाही. पण हेही खरं की या उपचाराने बहुतेकांचा आजार मुळासकट जात नाही. तो मागे हटतो, चांगले महिने मिळतात, काहींना चांगली वर्षं मिळतात, आणि पुढे बहुधा तो परत येतो. काहीच न करता एएमएल या वयात बहुतेकदा आठवड्यांत किंवा दोन-तीन महिन्यांत माणूस नेतो. तुलना करायची ती याच्याशी.

सुरू करण्याआधी एक गोष्ट खात्रीने विचारा: हा एम-३ प्रकार तर नाही ना? ल्युकेमियाचा हा एक प्रकार रेटिनॉइक अॅसिड आणि आर्सेनिकने वयस्कर माणसातही पूर्ण बरा होऊ शकतो. तो ओळखायला उशीर झाला तर पहिल्या काही दिवसांतच मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. बाकी जनुकीय तपासण्यांत एनपीएम-१, आयडीएच, एफएलटी-३ आणि टीपी-५३ यांचे निकाल मागा, गुणसूत्रांची तपासणीही. एनपीएम-१ किंवा आयडीएच-२ मध्ये बदल असेल तर या जोडीचा चांगला उपयोग होतो. टीपी-५३ मध्ये असेल तर सुरुवातीला प्रतिसाद आला तरी तो फार टिकत नाही, आणि मग आमचाही सल्ला बदलतो. निकाल यायला काही दिवस लागतात. रुग्ण स्थिर असेल तर तेवढं थांबल्याने नुकसान होत नाही. वडिलांच्या पांढऱ्या पेशी ४१ हजार आहेत, त्या व्हेनेटोक्लॅक्सआधी २५ हजारांच्या खाली आणायच्याच असतात. त्यासाठी हायड्रॉक्सियुरियाच्या कॅप्सूल लगेच सुरू करता येतात, त्या स्वस्त आहेत आणि कुठेही मिळतात.

पहिला महिना सर्वांत अवघड असतो. ब्लास्ट पेशी झपाट्याने फुटल्या की पोटॅशियम, फॉस्फरस आणि युरिक अॅसिड वाढून किडनीवर ताण येतो. म्हणून व्हेनेटोक्लॅक्स पहिल्या दिवशी १००, दुसऱ्या दिवशी २००, तिसऱ्या दिवसापासून ४०० मिलिग्रॅम असं चढवतात, भरती करून, रोज तपासण्या करत. सलाइन लागतं, पण अँजिओप्लास्टी झालेल्या हृदयाला ते जास्त झालं की फुप्फुसात पाणी साठतं. रोज सकाळी वजन करायला सांगा. रक्ताची पिशवी तीन-चार तासांत सावकाश जाऊ द्या, एका दिवशी शक्यतो एकच. संध्याकाळी घरी जायचं म्हणून घाई करणारे नातेवाईक मी खूप पाहतो.

बुरशीची औषधं सोबत असतील तर व्हेनेटोक्लॅक्सचा डोस बराच खाली आणावा लागतो. पोसाकोनाझोल किंवा व्होरिकोनाझोल ही बुरशीची औषधं व्हेनेटोक्लॅक्सला शरीरात साठवून ठेवतात, त्यामुळे तेव्हा ७० ते १०० मिलिग्रॅम पुरतं. आपल्याकडे अनेक ठिकाणी याचा दुहेरी फायदा घेतात: बुरशीपासून संरक्षण मिळतं आणि महागड्या गोळ्या कमी लागतात. पण हे डॉक्टरांनी बसवून दिलेलं गणित आहे. बुरशीची गोळी मध्येच बंद झाली आणि डोस तसाच राहिला तर औषध अपुरं पडतं, आणि नवी सुरू झाली आणि डोस तसाच राहिला तर विषासारखं चढतं. याच कारणाने, रक्तदाबाच्या गोळ्यांत डिल्टियाझेम किंवा व्हेरापामिल असेल तर तेही सांगा. गावच्या डॉक्टरांनी खोकल्यासाठी क्लॅरिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक लिहून दिलं तर घेण्याआधी फोन करा. तुम्ही कोकणातले आहात म्हणून मुद्दाम लिहितो: करंबळ (स्टारफ्रूट) आणि ग्रेपफ्रूट पूर्ण वर्ज्य, आणि त्याच जातकुळीचं पपनसही नको. शेजाऱ्यांनी प्रेमाने आणून दिलेले काढे आणि भस्मंही या काळात नकोत. त्यांत काय आहे ते आम्हाला ठाऊक नसतं आणि किडनी-लिव्हरला सहन होत नाही.

जुन्या गोळ्यांची यादी घेऊन बसणं हे वयस्कर रुग्णात केमोइतकंच महत्त्वाचं काम आहे. जेवण निम्म्यावर आलं आणि ग्लिमेपिराइड ही मधुमेहाची गोळी पूर्वीच्याच डोसात चालू राहिलं की पहाटे साखर उतरून माणूस बेशुद्ध सापडतो. प्लेटलेट्स १८ हजार असताना अॅस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल अशी रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आजच हृदयरोगतज्ज्ञांना विचारा. सात वर्षं जुन्या स्टेंटला ते बहुधा थांबवता येतं. वजन उतरल्यावर रक्तदाबाच्या गोळ्या जास्त होतात आणि रात्री लघवीला उठताना चक्कर येऊन पडणं होतं. कमी प्लेटलेट्समध्ये डोक्यावर पडणं म्हणजे काय, हे मी वेगळं सांगायला नको. झोपेची गोळी चालू असेल तर ती कमी करण्याबद्दलही विचारा. बाथरूममध्ये दांडी बसवा, रात्री दिवा चालू ठेवा, खाटेजवळ लघवीचं भांडं ठेवा.

ताप १००.४ फॅरनहाइट झाला की पॅरासिटामॉल देऊन सकाळची वाट बघायची नाही. थेट रुग्णालय, आणि तासाभरात शिरेतून अँटिबायोटिक. रात्री दोन वाजता निघायचं तर गाडी कोणाची, रुग्णालय कोणतं, हे आधी ठरवून ठेवा. आणि हे घरातल्या प्रत्येकाने वाचावं: वयस्कर माणसाला गंभीर जंतुसंसर्गात ताप येईलच असं नाही. तो असंबद्ध बोलू लागतो, दिवसा झोपून राहतो, हातातला घास तसाच धरून बसतो, नेहमीच्या वाटेवर अडखळतो. 'आज बाबा जरा वेगळेच वाटतायत' असं आईला वाटलं तर तेवढं कारण पुरेसं आहे. त्या अभ्यासात दोन्ही औषधं घेणाऱ्या ४२ टक्के लोकांना पांढऱ्या पेशी कमी असताना ताप आला, आणि आपल्याकडच्या रुग्णालयांत औषधांना न जुमानणारे जंतू जास्त आहेत. म्हणून मी इथे कडक आहे.

खाण्यापिण्याबाबत मात्र मी तितका कडक नाही. ताजं शिजवलेलं, गरम, स्वच्छ भांड्यातलं काहीही चालतं: मऊ भात, वरण, अंडं, शिजवलेला मासा, पनीर, सोलून खायची फळं. कच्ची कोशिंबीर आणि बाहेरचा उसाचा रस टाळा. अतिकडक पथ्याने जंतुसंसर्ग कमी होतो असं अभ्यासांत दिसलेलं नाही, आणि पथ्याच्या नावाखाली वजन उतरलेलं मी रोज पाहतो. पावसाळ्यात ओल आलेल्या भिंतीची खोली, गोठा आणि भाताची कोंदट कणगी यांपासून त्यांना दूर ठेवा, तिथे बुरशी असते. मच्छरदाणी लावा. बद्धकोष्ठ होऊ देऊ नका, उलटीच्या गोळ्यांनी ते हमखास होतं, पण एनिमा द्यायचा नाही.

साधारण २१ ते २८ व्या दिवशी बोन मॅरो पुन्हा तपासतात. ब्लास्ट ५ टक्क्यांच्या खाली असतील आणि चांगल्या रक्तपेशी अजून वर आल्या नसतील, तर गोळ्या थांबवून दोन आठवड्यांपर्यंत वाट पाहतात. पुढच्या फेऱ्यांत, म्हणजे उपचाराच्या पुढच्या चक्रांत, गोळ्यांचे दिवस २८ वरून २१ वर, १४ वर आणतात. अशा वेळी घरच्यांना वाटतं उपचार ढिला पडला. उलट आजार आटोक्यात आल्यावर औषध कमी करणं हेच इथे कौशल्य आहे. बरेच वाईट प्रसंग हट्टाने वेळापत्रक पाळल्याने ओढवतात.

आईचं म्हणणं. त्यामागचं प्रेम मला कळतं, पण ते मी मानणार नाही. हातात रक्ताची पिशवी लागलेली, घरात कुजबुज, परदेशातून रोज फोन. आयुष्यभर मुलांचे चेहरे वाचलेल्या शिक्षकाला हे समजणार नाही असं कसं होईल? बहुतेकांना कळलेलं असतं आणि घरच्यांना त्रास नको म्हणून ते गप्प राहतात. मग दोन्ही बाजू एकमेकांना जपत एकेकटं भितात. मी रुग्णाला विचारतो: 'सर, तुमच्या आजाराबद्दल तुम्हाला किती जाणून घ्यायचंय? सगळं, थोडं, की मुलाशीच बोलू?' काहीजण 'मुलाशीच बोला' म्हणतात आणि तेही योग्यच. पण ते त्यांनी म्हणायला हवं. मग विचारतो, तुम्हाला सर्वांत जास्त काय हवंय? कोणी नातीचं लग्न सांगतं, कोणी म्हणतं दुखायला नको, कोणी म्हणतं शेवट गावच्या घरात हवा. यातून उपचार ठरतो. महिन्यातले दहा दिवस रुग्णालयात काढायचे की नाहीत, हे त्यांच्याऐवजी मी किंवा तुम्ही कसं ठरवणार? पुढे व्हेंटिलेटर नको असेल तर तसं लिहून ठेवण्याचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये मान्य केला, आणि २०२३ मध्ये त्याची पद्धत सोपी केली: दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतात.

त्यांनी 'नको' म्हटलं, किंवा दोन-तीन फेऱ्यांनंतरही ब्लास्ट हटले नाहीत, तरी उपचार संपत नाहीत. हायड्रॉक्सियुरियाने पांढऱ्या पेशी दाबता येतात, हिरड्यांच्या रक्तस्रावाला ट्रॅनेक्झॅमिक अॅसिडच्या गुळण्या आहेत, धाप आणि वेदनेला थोडं मॉर्फिन आहे. पॅलिएटिव्ह केअरची, म्हणजे त्रास कमी करून आधार देणारी, टीम पहिल्या दिवसापासून सोबत घ्या, ती शेवटच्या आठवड्यासाठी राखून ठेवायची गोष्ट नाही. एएमएलच्या १६० रुग्णांवरच्या एका अभ्यासात सुरुवातीपासून ही सोबत मिळालेल्यांचं जगणं सुसह्य झालं, नैराश्य आणि चिंता कमी झाली. त्यांनाही कर्करोगाचे उपचार चालूच होते.

आता गाव आणि पैसा. निदान, जनुकीय तपासण्या आणि पहिली फेरी रक्तविकारतज्ज्ञ आणि रक्तपेढी दोन्ही असलेल्या मोठ्या ठिकाणीच करा. मुंबई, पुणे, कोल्हापूर यांपैकी जिथे नातेवाईक आहेत ते निवडा, कारण पहिले चार-सहा आठवडे तिथेच राहावं लागेल. पुढच्या फेऱ्यांत अॅझासिटिडिन पोटाच्या कातडीखाली देता येतं. सात दिवस सलग जमत नसेल तर पाच दिवस, शनिवार-रविवार सुटी, पुन्हा दोन दिवस असंही चालतं. इंजेक्शन मिसळल्यावर लगेच द्यावं लागतं, म्हणून जवळच्या रुग्णालयातल्या नर्सला तज्ज्ञांकडून लेखी सूचना मिळू द्या. प्लेटलेट्स पाचच दिवस टिकतात, त्यामुळे सणासुदीच्या सुट्यांत त्यांची टंचाई होते. त्याच रक्तगटाचे सहा-सात धडधाकट रक्तदाते आधीच बोलून ठेवा.

वडील ७० च्या पुढे असल्याने उत्पन्न कितीही असलं तरी आयुष्मान वय वंदना कार्ड निघतं. ही सोय ऑक्टोबर २०२४ पासून आहे आणि वर्षाला ५ लाखांपर्यंतचं संरक्षण मिळतं. आधार कार्ड घेऊन ते आधी काढा. पण कोणतं औषध कोणत्या पॅकेजमध्ये बसतं ते त्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला (योजनेचं काम पाहणाऱ्या माणसाला) भरती होण्यापूर्वीच विचारा. अॅझासिटिडिनची जेनेरिक इंजेक्शनं मिळतात, जास्त खर्च गोळ्यांचा, रक्ताचा आणि अँटिबायोटिकचा होतो. डॉक्टरांकडून चार महिन्यांचा अंदाज कागदावर मागून घ्या. पैसे दुसऱ्या फेरीतच संपणार असतील तर ते आधी मोकळेपणाने सांगा. कमी डोसाचं सायटाराबिन किंवा नुसतं अॅझासिटिडिन हेही रस्ते आहेत, आणि शेत विकण्याआधी त्यांवर बोलणं व्हायला हवं.